टायपिस्ट सगळं वाचते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जेनी रूनी यांच्या 'रेड जोन' या इंग्रजी कादंबरीवरचा लेख वाचला. मेहनतीने लिहिलाय, भाषाही चांगली आहे. पण लेखकाने म्हटलंय की प्रेमात आंधळी झालेली बाई देशाचाही सौदा करते, आणि ही त्या कादंबरीतली खरी शोकांतिका. तुम्ही तेच वाक्य उचलून जाड ठशात, चौकटीत छापलंत. चार दिवस ती चौकट डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे. कापायचं तर कापा, फक्त कार्बनचा भाग तेवढा ठेवा.

माझी ओळख एवढीच. वय ६७. फोर्टातल्या एका गिरणीच्या हेड ऑफिसात स्टेनो होते, पुढे एका शिपिंग कंपनीतून सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले. पिटमनचं शॉर्टहँड मिनिटाला १२० शब्दांचं, इंग्रजी टायपिंग ५० चं. हे मिरवायला सांगत नाही. ती कादंबरी नीट वाचायला ही पात्रता लागते, असं माझं मत झालंय.

कादंबरी नातीने दिली. चर्चगेटला कॉलेजात जाते, येताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून पुस्तकं उचलते. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जोन ही लंडनच्या उपनगरात राहणारी म्हातारी. एके दिवशी सरकारची माणसं दारात येतात आणि हिच्या तरुणपणाचा हिशेब मागतात. तरुणपणी ती केंब्रिजला विज्ञान शिकत होती. तिथे सोन्या नावाची मैत्रीण भेटते, आणि तिचा चुलतभाऊ लिओ. देखणा, बोलघेवडा, कम्युनिस्ट. पुढे युद्धात जोन अणुबॉम्बच्या गुप्त कामावर लागते. हिरोशिमानंतर तिला वाटतं की हे अस्त्र एकाच देशाच्या हातात राहणं बरं नव्हे, दोघांकडे असलं तर कुणीच वापरणार नाही. आणि ती रशियाला कागद देते. मुलगा वकील. आई आपली साधीसुधी, असं आयुष्यभर समजत आलेला. आता तिची चौकशी चालू असताना तो शेजारी बसून ऐकतो. या आई-मुलाच्या जागा मला आवडल्या. लिओच्या जागा मी भराभर उलटल्या. असले लिओ आमच्या नाक्यावरही होते.

लेखकाने जिला ओझरता स्पर्श करून सोडून दिलं, ती खरी बाई मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. कादंबरी तिच्यावरून सुचलेली आहे. नाव मेलिटा नॉरवुड. जन्म १९१२ चा. वडील लॅटव्हियातून आलेले, आई इंग्रज. १९३२ मध्ये ती ब्रिटिश नॉन-फेरस मेटल्स रिसर्च असोसिएशन नावाच्या संस्थेत कारकून म्हणून लागली आणि पुढे तिथल्या मोठ्या साहेबाची सेक्रेटरी झाली. धातूंवर संशोधन करणारी संस्था ती, त्यामुळे युद्धाच्या काळात ब्रिटनच्या अणुबॉम्ब प्रकल्पाचे कागद, ज्याला त्यांनी 'ट्यूब अलॉइज' असं मुद्दाम रटाळ नाव दिलं होतं, साहेबाच्या तिजोरीत येऊ लागले. हिने ते बाहेर दिले. एकदा-दोनदा नव्हे, १९७२ साली निवृत्त होईपर्यंत. केंब्रिज नाही, विज्ञानाची पदवी नाही, देखणा लिओ नाही. नवरा होता, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा; आणि त्याला हिचे हे उद्योग पसंत नव्हते, असं लिहून आलेलं आहे.

म्हणजे बघा. खऱ्या आयुष्यात घरातला पुरुष नको म्हणत होता आणि बाई करत होती. कादंबरीत येताना तिला पदवी मिळाली, एक प्रियकर मिळाला. बिचारीला टायपिस्ट म्हणून कुणी पुस्तकात घेतलं नसतं बहुतेक.

क्लाउस फुक्स हा शास्त्रज्ञ त्याच काळातला. त्यानेही बॉम्बचे कागद रशियाला दिले, १९५० साली त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. तो कुणाच्या डोळ्यांत बुडाला होता, असं कुणी विचारत नाही. त्याचे विचार काय होते, हेच विचारतात. आणि लांब कशाला जायचं? आपल्या मुंबईत १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहतांनी काँग्रेस रेडिओ चालवला. वय बावीस. ट्रान्समीटर या घरातून त्या घरात हलवायचा, पोलिसांची गाडी लहरींचा माग काढत फिरतेय, रोज संध्याकाळी बोलायचं. नोव्हेंबरात पकडल्या गेल्या, चार वर्षांची सजा झाली. हेही छुपं काम, सरकारच्या लेखी हाही राजद्रोहच. त्यांच्याबद्दल असं वाक्य चौकटीत छापायची कुणाची छाती होईल का?

दोन्ही कामं सारखी, असं मी म्हणत नाही. कारण शोधायची आपली जी सवय आहे, तिच्याबद्दल बोलतेय.

१९९९ च्या सप्टेंबरात मेलिटाबाईंचं बिंग फुटलं. फोडलं ते मित्रोखिन नावाच्या माणसाने. हा केजीबीचा, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याचा, दफ्तरदार. वर्षानुवर्षं फायलींमधून चिठ्ठ्यांवर उतरवून घ्यायचा आणि गावाकडच्या घरात जमिनीखाली पुरून ठेवायचा; १९९२ मध्ये ते सगळं घेऊन ब्रिटनला गेला. एका सेक्रेटरीला शेवटी गाठलं ते एका रेकॉर्ड कीपरने. आमच्या धंद्यातल्या माणसाला याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. बाई तेव्हा ८७ वर्षांच्या. घराबाहेर पत्रकार जमले, तर बागेत उभं राहून त्यांनी लेखी निवेदन वाचून दाखवलं. मथितार्थ असा की पैशासाठी केलं नाही. साध्या माणसाला परवडेल असं अन्न, परवडेल असा प्रवास, शिक्षण आणि दवाखाना देणारी एक नवी व्यवस्था उभी राहत होती, ती मोडू नये म्हणून केलं. त्यांच्यावर खटला झाला नाही. २००५ मध्ये त्या गेल्या.

अन्न, प्रवास, शाळा, दवाखाना. हे वाचलं आणि मला बाबांचा आवाज ऐकू आला.

बाबा गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर. काळाचौकीला दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही सात. बाबा पहिल्यापासून लाल बावट्याचे, कम्युनिस्ट पुढारी डांग्यांची भाषणं ऐकून वाढलेले. भिंतीतल्या फळीवर चार रशियन पुस्तकं मराठीत केलेली, गुळगुळीत कागदाची. 'सोव्हिएत देश' मासिकाच्या पानांची आमच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं. गणिताच्या वहीवर ट्रॅक्टर, भूगोलावर गहू. शाळेत मुली विचारायच्या, हे कुठलं गाव गं? मी म्हणायची, बाबांचं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणूस कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे गेला, बाबाही गेले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. आमच्या घरात पगार माझा एकटीचा, आणि तो एका गिरणीच्याच हेड ऑफिसातला. बाबांची गिरणी वेगळी, माझी वेगळी. पण माझ्या गिरणीत आमच्या चाळीतली निम्मी माणसं कामाला होती. सकाळी मी साडी नेसून डबा घेऊन निघायची तेव्हा ही माणसं कट्ट्यावर बसलेली असायची. कुणी काही बोलायचं नाही. उलट जागा द्यायचे.

आमचे साहेब वाईट नव्हते. आवाज चढवून बोलले नाहीत कधी. घरात एकटी मिळवती आहे हे कळल्यावर दिवाळीला न मागता ॲडव्हान्स दिला. हे लिहिणं भाग आहे, नाहीतर गोष्ट सोपी होते.

आता कार्बन. हल्लीच्या मुलांना सांगायला लागतं. एका कागदाच्या तीन प्रती काढायच्या तर मध्ये दोन कार्बन घालायचे. वर बॉंड पेपर, खाली पातळ ऑनियन स्किन. साधी पत्रं जुन्या कार्बनवर, दहा-दहा वेळा वापरून चाळण झालेल्या. पण महत्त्वाच्या कागदाला साहेब म्हणायचे, फ्रेश कार्बन, प्लीज. सगळ्या प्रती ठसठशीत हव्यात. आणि कोरा कार्बन एकदाच वापरला ना, की टाइपचा खिळा जिथे बसला तिथली शाई निघून जाते. उजेडापुढे धरला की अक्षर न् अक्षर चमकतं. चकचकीत बाजू आपल्याकडे असेल तर उलटं दिसतं, मंद बाजू आपल्याकडे केली की सुलटं. साहेब मूळ कागद मोजून घ्यायचे, ऑफिस कॉपी तिजोरीत टाकायचे, शॉर्टहँडच्या वहीतलं पानसुद्धा फाडून मागायचे. वापरलेला कार्बन कुणी कधी मागितला नाही. तो टायपिस्टच्या ड्रॉवरमध्ये जायचा.

संपाला वर्ष उलटून गेलं होतं. १९८३ चा उन्हाळा. एका दुपारी साहेबांनी दार लावून एक यादी दिली. फुलस्केप, सिंगल स्पेसिंग. वर ३८ नावं, तिकीट नंबर आणि खात्यासकट: गिरणी चालू झाल्यावर यांना परत घ्यायचं नाही. मग एक रेघ. रेघेखाली नऊ नावं: यांनी हमीपत्र लिहून दिलंय, अमुक दिवशी पहाटे यांना अमुक ठिकाणाहून गाडीने आत आणायचं.

टायपिस्ट मजकूर वाचत नाही, बोटं आपोआप चालतात, असं लोक समजतात. आम्हीही ते पसरवलेलं आहे, सोयीचं असतं. टायपिस्ट सगळं वाचते. ३८ मधली सहा नावं आमच्या चाळीतली होती. नऊमधलं एक आमच्या वरच्या मजल्यावरचं. त्यांना मी भाऊ म्हणायची.

कार्बन चार घड्या घालून डब्याच्या पिशवीत, डब्याखाली ठेवला. संध्याकाळी बोटं निळी होती, ती रोजच असायची. चाळीत संपाच्या समितीचं काम बघणारे एक काका होते, त्यांच्या हातात दिला आणि कसा धरायचा ते दाखवलं. बल्बपुढे धरून त्यांनी वरून खालपर्यंत वाचला, एकदा माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "पोरी, तू घरी जा."

मला कुणी मागितला नव्हता. कुणी शिकवलं नव्हतं, पटवलं नव्हतं. ज्यांच्याशी पुढे माझं लग्न झालं ते तेव्हा बँकेत होते आणि या असल्या गोष्टींपासून चार हात लांब. त्यांच्या कानावर घातलं असतं तर म्हणाले असते, नोकरी सांभाळ. म्हणून घातलंच नाही.

वरच्या ३८ जणांना आधी कळावं, गावी जाणाऱ्याने गावी जावं, दुसरीकडे चिकटणाऱ्याने चिकटावं, एवढंच मनात होतं. असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर रेघेखालचा भाग कात्रीने कापायला पाच सेकंद लागले असते. आमच्या घरात कात्री होती, आईच्या शिवणाच्या डब्यात. मी पिशवी उघडली, कार्बन काढला, उजेडाला धरून पुन्हा पाहिला, आणि कापला नाही. मला त्या नऊ जणांचा राग होता. बाबांनी आईचे वाळे विकले होते. पितळेची घागर गेली होती. आणि वरच्या मजल्यावर चोरून हमीपत्र लिहून दिलेलं होतं.

गाडी ठरल्या दिवशी पहाटे आली. भाऊ तिच्यापर्यंत पोचले नाहीत. चाळीच्या तोंडाशी, दुधाच्या केंद्राजवळ अंधारात कुणीतरी गाठलं. उजवा हात कोपरात मोडला. केईएमला नेलं. प्लास्टर निघाल्यावर हात सरळ होईना, आणि साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचा उजवा हात गेला म्हणजे काय उरतं, हे गिरणगावातल्या माणसाला सांगायला नको. नंतर कळलं की धाकट्या मुलीला टायफॉइड झाला होता आणि औषधाला पैसे नव्हते. हे हमीपत्रात लिहिलेलं नव्हतं. असतं तर मी टाइप केलं असतं.

वरच्या ३८ मधल्या एकालाही त्या कागदाने काही मिळालं नाही. चार जणांचा तर विश्वासच बसला नाही. म्हणाले, मालकाने मुद्दाम सोडलेली वावडी आहे.

ऑफिसात चौकशी झाली. आधी शिपायाला बोलावलं, मग डिस्पॅचच्या पोराला. दोघांना तासतासभर उभं करून विचारलं. मी शेजारच्या टेबलावर बसून त्या चौकशीचं टिपण शॉर्टहँडमध्ये घेत होते. मला कुणी विचारलं नाही. साहेबांनी तर त्या दिवशी माझ्यासाठी चहा मागवला, या सगळ्याचा मुलीला त्रास नको म्हणून. मेलिटाबाई चाळीस वर्षं कशा राहिल्या, याचं लोकांना नवल वाटतं. मला वाटत नाही.

तर तुमच्या लेखकाला माझं सांगणं आहे. बाईने असं काही केलं की आपण लगेच बघतो, मागे कोण पुरुष होता. सापडला तर बरं वाटतं. नाही सापडला तर कादंबरीकार आणून ठेवतो. त्याने बाईचा गुन्हा हलका होतो, म्हणून वाचणाऱ्यालाही ती आवडायला लागते. पण मग तिचे विचारही तिचे राहत नाहीत. बाबांच्या फळीवरची पुस्तकं मी वाचली होती, लिओने नव्हती वाचून दाखवली. आणि कात्री न उचलणारा हात माझाच होता. मला प्रेमात आंधळी म्हणून सोडून देऊ नका. मला लख्ख दिसत होतं, उजेडापुढे धरलेल्या कार्बनसारखं.

मेलिटाबाईंनी बागेत उभं राहून जे वाचलं, त्यात अन्न होतं, शाळा होती. कुणाचा मोडलेला हात नव्हता. त्यांचा कागद फार लांब गेला, त्यामुळे त्याचं पुढे काय झालं ते त्यांना दारातून दिसलं नसेल. माझा दोन जिने वर गेला. प्लास्टर घातलेल्या हाताने भाऊ गॅलरीत बसायचे आणि मी ऑफिसातून आले की विचारायचे, "आज उशीर झाला गं?" त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. की कळलं होतं, हेही मला माहीत नाही. ते जाऊन अकरा वर्षं झाली.

कादंबरीतल्या त्या वकील मुलासारखा माझाही मुलगा आहे. तो आयटीत आहे, मराठी वर्तमानपत्र वाचत नाही. नातीला कादंबरी परत देताना मी एवढंच म्हटलं की बाईला कार्बनचा उपयोग माहीत नव्हता, उगाच कॅमेरे वापरत बसली. ती हसली. मग थांबून म्हणाली, "आजी, तुला कसं माहीत?"

नाव छापू नये ही विनंती. तसा त्याचा फारसा उपयोग नाही, हे मला कळतं. चाळीचा टॉवर झाला तेव्हा आम्हाला आणि वहिनींना एकाच मजल्यावर, समोरासमोर घर मिळालं. तुमचा अंक आम्ही दोघींत मिळून एकच घेतो. सकाळी तो त्यांच्याकडे जातो. वाचकांची पत्रं त्या सगळ्यात आधी वाचतात, चष्मा लावून, बोट ठेवून, एकही ओळ न गाळता. दुपारी दीडच्या सुमाराला घडी घालून माझ्या दाराला अडकवतात आणि बेल वाजवतात.

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका,
काळाचौकी, मुंबई